तंबाखूचा बोद आणि स्वातंत्र्याची पुस्तके

इंग्रजीत ज्याला 'लिबर्टेरियन' विचार म्हणतात, त्याला मराठीत धड शब्द नाही. 'उदारमतवाद' हा शब्द शंभर वर्षे चालत आला, पण तो 'लिबरल' या शब्दाचा आहे आणि तिथेही त्याने घोळच घातला. उदार म्हणजे हात सैल असलेला, दानशूर. कन्नडातही 'उदारवाद'च म्हणतात, म्हणजे चूक दोन्ही भाषांनी वाटून घेतली. मूळ विचाराचा दानधर्माशी काही संबंध नाही. तो म्हणतो की धडधाकट माणसाने आपली मेहनत, आपला माल आणि आपला वेळ कोणाला, केव्हा, कोणत्या भावाने द्यायचा हे त्याने स्वतः ठरवावे. सरकारने त्याचे बोट धरू नये आणि मानही धरू नये. शेतकरी संघटनेच्या मंडळींनी पुढे 'स्वतंत्रतावाद' असा शब्द चालवला. तो कानाला जरा खडबडीत लागतो, पण खोटा नाही, म्हणून मी तोच वापरतो.

हा विचार आपल्या मुलखात आला कसा, कोणत्या कागदावर बसून आला, आणि आपल्या सीमाभागात आल्यावर त्याचे काय झाले, हे मला सांगायचे आहे. सीमाभाग म्हटला की आपल्याकडे लिखाण होते ते भाषेच्या प्रश्नावर. ते झालेच पाहिजे. पण १९८१ साली निपाणीच्या रस्त्यावर जे घडले त्याचा इतिहास भाषेच्या इतिहासात मावत नाही, आणि म्हणून तो बाजूला पडून राहिला आहे.

सुरुवात बरीच मागे न्यावी लागेल. १८४७ साली पुण्यात एका वीस वर्षांच्या तरुणाच्या हाती टॉमस पेनचे 'राइट्स ऑफ मॅन' पडले. तो तरुण म्हणजे जोतिराव फुले. पेन हा इंग्लंडातल्या एका कारागिराचा मुलगा. अमेरिकेच्या आणि फ्रान्सच्या क्रांत्यांत त्याची लेखणी फिरली. राजाचा हक्क वारशाने येतो ही कल्पनाच त्याने हास्यास्पद ठरवली. पुस्तक छापून पन्नासेक वर्षे झाली होती. इंग्रजांचा माल बोटीतून येत होता, त्याच बोटीतून इंग्रजी राज्याला सुरुंग लावणारी पुस्तकेही येत होती. फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली काढले आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले. ही अर्पणपत्रिका नुसता शिष्टाचार नव्हे, ती वाचनाची पावती आहे.

दहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. सरकारी कामगार, सारा, कोर्टकचेऱ्या, कुलकर्णी आणि भटभिक्षुक मिळून कुणब्याला कसे नागवतात, याची त्यात वहीखात्यासारखी नोंद आहे. मात्र फुल्यांना स्वतंत्रतावादी म्हणण्याची घाई करू नये. त्याच पुस्तकात ते सरकारकडे बंधारे मागतात, शाळा मागतात, चांगल्या जातीची जनावरे मागतात. त्यांचे सरकारशी भांडण होते ते सरकार असण्याबद्दल नव्हे, ते कोणाच्या हातात आहे याबद्दल. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर पचवले आणि व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा झेंडा पुण्यात उंच धरला, पण 'सुधारक'चा वाचक लिहिता-वाचता शहरी माणूस होता. कुणब्याच्या खळ्यावर मिल पोचला नाही.

त्यानंतर हा विचार मुंबईत गेला आणि इंग्रजी बोलू लागला. तिथली एक गंमत सांगण्याजोगी आहे. रणछोडदास भवान लोटवाला हे मुंबईचे पिठाच्या गिरणीचे मालक. १९२२ साली तरुण श्रीपाद अमृत डांगे यांनी 'सोशॅलिस्ट' हे पत्र काढले, त्याच्या पाठीशी याच लोटवालांचा पैसा होता. पुढे त्यांचे कम्युनिझमवरून मन उडाले आणि त्याच गृहस्थांनी सँडहर्स्ट रोडवरच्या आपल्या संस्थेतून 'इंडियन लिबर्टेरियन' नावाचे पत्र चालवले. एकाच गिरणीच्या पिठाच्या दोन भाकऱ्या, एक लाल आणि एक पांढरी! लोटवाला मला आवडतात. मत बदलल्यावर ते पैसे काढून घेऊन गप्प बसले नाहीत, पुन्हा छापखान्यातच घातले.

मिनू मसानींनी १९५२ साली 'फ्रीडम फर्स्ट' सुरू केले. ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ साली 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' काढून छोट्या पुस्तिकांचा रतीब घातला. नानी पालखीवालांची अर्थसंकल्पावरची व्याख्याने पुढे एवढी गाजली की ती ब्रेबर्न स्टेडियमवर भरवावी लागली. आपल्या मंगळूरकडचे बी. आर. शेणॉय यांनी १९५५ साली दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवरच्या अर्थतज्ज्ञांच्या मंडळात एकट्याने मतभेदाची टीप लिहिली. तुटीचा अर्थभरणा करून एवढी मोठी योजना रेटाल तर महागाई आणि नियंत्रणे दोन्ही येतील, असे ते सांगत होते. बाकी सगळे एका बाजूला होते. १९५९ च्या जानेवारीत काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला आणि त्याच वर्षी राजाजी, मसानी, रंगा यांनी स्वतंत्र पक्ष स्थापला. १९६७ साली त्याचे ४४ खासदार निवडून आले. मराठी मुलखात मात्र त्याची मुळे धरली नाहीत. महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने आणि काँग्रेस यांची गाठ पक्की होती. आणि आपल्याकडे? १९५६ नंतर आपल्याकडे निवडणूक म्हणजे एकच प्रश्न होता. समितीच्या सभेला जाणारा माणूस उसाला दर काय हे घरी आल्यावर बोलत असे.

या मुंबईकर मंडळींच्या धैर्याबद्दल शंका नाही. आणीबाणीत सेन्सॉरने 'फ्रीडम फर्स्ट'चे अकरा मजकूर अडवले तेव्हा मसानी उच्च न्यायालयात गेले आणि १९७६ च्या फेब्रुवारीत जिंकले. मतभेद छापण्याचा हक्क आणीबाणीतही सर्वस्वी संपत नाही, असे न्यायालयाने त्या काळात सांगितले, ही लहान गोष्ट नव्हती. पण त्यांचा वाचक कोण? कंपनीतला अधिकारी, वकील, प्राध्यापक. त्यांच्या लेखांतला परवाना हा सूतगिरणीचा परवाना असे. शेतकऱ्याच्या दारात उभा असलेला परवाना त्यांना फारसा दिसला नाही.

इथे इंग्लंडातली एक हकीकत आठवते. फ्रीड्रिख हायेकचे 'द रोड टु सर्फडम' १९४४ साली आले. सगळी आर्थिक सूत्रे सरकारच्या हाती गेली की पाठोपाठ माणसाची इतर स्वातंत्र्येही जातात, हा त्याचा सिद्धांत. ग्रंथ काही सोपा नाही. तो जगभर गेला तो १९४५ च्या एप्रिलमध्ये 'रीडर्स डायजेस्ट'ने त्याचा संक्षेप छापला म्हणून. तो संक्षेप अँटनी फिशर नावाच्या एका माणसाने वाचला आणि तो थेट लंडनला हायेककडे गेला. मी राजकारणात उतरू का, असे त्याने विचारले. हायेकने सांगितले की राजकारणात पडू नकोस, विचार घडवणाऱ्या माणसांपर्यंत पोच. फिशरने शेती केली, कोंबड्यांच्या धंद्यात पैसा मिळवला आणि १९५५ साली लंडनमध्ये अर्थविचारांची एक संस्था उभी केली. इंग्लंडचे आर्थिक धोरण पालटण्यात त्या संस्थेच्या पातळ पुस्तिकांचा वाटा मोठा मानतात. मला यातून दिसते ते असे की जाड ग्रंथाने माणूस हलत नाही. त्या ग्रंथातले चार हिशेब कोणीतरी त्याच्या भाषेत मांडून दाखवले की हलतो.

मराठीत हे काम करणारा माणूस स्वित्झर्लंडहून आला. शरद जोशी मूळचे साताऱ्यात जन्मलेले, टपाल खात्यातले अधिकारी. बर्न येथे आंतरराष्ट्रीय टपाल संघात त्यांची सुखाची नोकरी होती. ती सोडून १९७६ साली ते परत आले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. तिला नाव दिले अंगारमळा. तिथे त्यांनी जे केले ते कोणत्याही शेतकऱ्याने आधी केले नसेल असे नाही, पण कागदावर उतरवले नव्हते: शेतीचा जमाखर्च लिहिला. बी, खत, बैल, पाणी, मजूर हे सगळेच मांडतात. जोशींनी घरच्या माणसांची मजुरी मांडली, स्वतःच्या देखरेखीची किंमत मांडली, जमिनीत घातलेल्या पैशाचे व्याज मांडले. मग खाली बेरीज करून विचारले की हे पीक विकून काय आले? उत्तर उणे यायचे. शेतकरी आळशी म्हणून, अडाणी म्हणून, लग्नात उधळतो म्हणून कर्जात जातो, असे आम्हां शिक्षकांसकट सगळे शहाणे सांगत होते. हिशेब सांगत होता की तो पिकवतो म्हणूनच कर्जात जातो. त्याने दोन एकरांऐवजी चार एकर केले तर कर्ज दुप्पट होईल.

पुढचा प्रश्न त्यांनी विचारला तो महत्त्वाचा. असे का होते? कांदा थोडा महागला की निर्यातबंदी. धान्य महागले की लेव्ही. कापूस महाराष्ट्रात १९७२ पासून सरकारी एकाधिकाराखेरीज कुठे विकायचा नाही, राज्याची सीमा ओलांडली तर गुन्हा. १९५५ चा आवश्यक वस्तूंचा कायदा हाताशी होताच. शहराला स्वस्त अन्न आणि कारखान्याला स्वस्त कच्चा माल हवा, म्हणून शेतमालाचा भाव पाडून ठेवायचा, हे धोरणच आहे असे त्यांचे म्हणणे. 'इंडिया' आणि 'भारत' ही त्यांची जोडी पुढे सगळ्यांच्या तोंडी बसली, अगदी ज्यांना ती लागू होती त्यांच्यासुद्धा.

हा विचार पसरला तो छपाईच्या अगदी साध्या साधनांनी. चाकणला १९७९ साली 'वारकरी' नावाचे साप्ताहिक निघाले. नावातली खुबी पाहा. ज्या माणसाला अर्थशास्त्र म्हटले की भीती वाटते, त्याला वारकरी म्हटले की आपले वाटते. पुढे 'शेतकरी संघटक' हे पाक्षिक आले. आंबेठाणच्या शिबिरांत कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून 'शेतकरी संघटना : विचार आणि कार्यपद्धती' हे पुस्तक तयार झाले. त्यात कुठे हायेकचे नाव घेऊन वाचकाला दिपवलेले नाही. कांद्याचा भाव, उसाचे टन, बैलाची किंमत यांतूनच सगळे येते. आणि छातीवरचा तो लाल बिल्ला! लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी तोच अंक होता आणि तोच अग्रलेख. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा ज्याने एकदा दिली त्याला पुढचे प्रकरण वेगळे शिकवावे लागत नसे.

चाकणचे कांदा आंदोलन झाले, १९८० च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे मोठे आंदोलन झाले. उसाला टनाला ३०० रुपये ही मागणी होती. आणि मग ही हवा आपल्याकडे आली.

निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती. बिडीच्या तंबाखूची मोठी पेठ. गावात शिरताना डोळ्यांच्या आधी नाकाला कळायचे. काळ्या रानात तंबाखू करणारा शेतकरी माल बोदात भरून वखारीत आणायचा आणि तिथे त्याचे सगळे पुरुषार्थ संपायचे. माल कसा आहे हे व्यापारी ठरवणार, वजनात सूट व्यापारी धरणार, पैसे केव्हा द्यायचे हेही व्यापारीच सांगणार. कधी कधी ते पुढच्या पिकापर्यंत लांबत. माझी तेव्हा चिकोडीकडच्या एका खेड्यात शाळेत नवीन नोकरी होती. मुलांची फी उशिरा आली की बाप सांगायचा, "मास्तर, वखारीतनं पैसे आले की देतो." हे वाक्य मी एवढ्या वेळा ऐकले की ते व्याकरणाचे उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिता आले असते.

आता इथे स्वतंत्रतावादी पुस्तकातला सरळ धडा अडखळतो. कापसात शेतकऱ्याचा गळा सरकारने धरला होता हे उघड होते. निपाणीत तर सरकार खरेदीदार नव्हते. तिथे खुला बाजार होता असेच वरवर दिसत होते, आणि तरी शेतकरी बांधलेला होता. डावी मंडळी म्हणत की पाहा, हीच तुमची बाजारपेठ. त्यांचे म्हणणे उडवून लावता येत नाही.

पण जरा मागे गेले की दुसरी गोष्ट दिसते. १९४३ साली, महायुद्धाच्या खर्चासाठी, इंग्रज सरकारने तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसवला. कर पानावर, म्हणजे शेतातून निघालेल्या मालावर. तो वसूल करायचा तर प्रत्येक बोदावर नजर हवी. म्हणून तंबाखू लावणाऱ्याची नोंद, मालाच्या वजनाची नोंद, हलवायचा तर परवाना, साठवायचा तर परवान्याची वखार. ज्याच्याकडे परवाना तोच विकत घेणार. शेतकऱ्याला आपला माल आपल्याच बैलगाडीतून दुसऱ्या पेठेला न्यायचा तर आधी इन्स्पेक्टरची पायरी. स्वातंत्र्य आले, इंग्रज गेले, इन्स्पेक्टर राहिला. हा कर १९७९ साली उठला. म्हणजे छत्तीस वर्षे सरकारने परवाना देऊन देऊन पेठ मूठभर वखारवाल्यांच्या हाती गोळा करून दिली आणि मग आपण बाजूला झाले. कर गेला तरी घडी मोडली नव्हती. नवा व्यापारी रातोरात कुठून उभा राहणार? माझे मत असे आहे की निपाणीची गाठ दुहेरी पिळाची होती, एक पीळ सरकारचा आणि एक सावकारी पेठेचा. संघटनेची पुस्तके नंतर पहिल्या पिळावरच बोलत राहिली आणि तिच्या टीकाकारांनी दुसराच पाहिला.

प्रा. सुभाष जोशी हे निपाणीचे कार्यकर्ते. वखारीत, तंबाखूच्या खकाण्यात दिवसभर काम करणाऱ्या बायांची त्यांनी संघटना बांधली होती. त्याच माणसाने तंबाखू पिकवणाऱ्यांसाठी शरद जोशींना निपाणीत आणले. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुस्तकांच्या जगात मजुरीसाठी लढणारा आणि भावासाठी लढणारा हे एकमेकांचे वैरी असतात. निपाणीत ते एकाच चळवळीच्या अंगणात बसले, कारण दोघांचा पैसा एकाच वखारीत अडकलेला होता. त्या बायांवर 'तंबाकू चाकीला ऊब आली' हा माहितीपट १९८२ साली निघाला. तो पाहिला की 'खुल्या' आणि 'बंद' व्यवस्थेवरचे बरेचसे पोपटी वाद गळून पडतात.

१४ मार्च १९८१ रोजी शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. हजारो माणसे बैलगाड्या, भाकऱ्या, पोराबाळांसह रस्त्यावर राहायला आली. त्या जागेला नावच पडले आंदोलननगरी. मी दोनदा तिथे गेलो. आठवते ते असे की तिथे भाषणे मराठीत होत आणि त्यांवरची चर्चा दोन्ही भाषांत. हुक्केरीकडचा एक कन्नड शेतकरी आपल्या शेजाऱ्याला जोशींचा जमाखर्च समजावून देत होता, मराठीतले आकडे कन्नडात फिरवून. सीमेवर मी भाषेवरून तुटलेली घरे पाहिली आहेत. तिथे त्या तीन आठवड्यांत भाषेचा प्रश्न कोणी काढला नाही, कारण वखारीतला तराजू दोघांना सारखाच मारत होता.

६ एप्रिलला पोलीस आले. लाठीमार झाला, अश्रुधूर झाला आणि गोळीबार झाला. बारा शेतकरी मेले. शरद जोशींना पकडून नेले. बंगळुरात तेव्हा गुंडूरावांचे सरकार होते आणि आदल्याच वर्षी, १९८० च्या जुलैत, नरगुंद-नवलगुंदकडे मलप्रभेच्या पाणीपट्टीवरून अशीच गोळी चालली होती. तिकडच्या त्या रक्तातून कर्नाटक राज्य रयत संघ जन्मला.

भाव मागायला निघालेल्या माणसाला गोळी घातली ती व्यापाऱ्याने नव्हे, सरकारने. शरद जोशींच्या विचारावर या दिवसाचा खोल ठसा असावा असे मला वाटते. आरंभीच्या आंदोलनांत मागणी सरकारकडेच असे, की भाव द्या, भाव ठरवा. पुढे पुढे सूर बदलला. भाव देऊ नका, नुसते वाटेतून उठा. १९९१ नंतर 'खुल्या व्यवस्थेकडे खुल्या मनाने' या नावाने त्यांनी जे लेख लिहिले त्यांत हा बदल पूर्ण झालेला आहे. १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला, त्याच्या नावातच राजाजी-मसानींची जुनी आठवण आहे. कायद्याने १९८९ पासून नोंदणी करणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवादावर निष्ठा जाहीर करावी लागते. स्वातंत्र्याचा पक्ष काढायचा तर आधी समाजवादाची शपथ घ्यायची, असा हा विनोद आहे, आणि तो अजून कायद्याच्या पुस्तकात तसाच आहे.

नेमक्या याच वळणावर मराठी आणि कन्नड वाटा फुटल्या. रयत संघाचे नेते एम. डी. नंजुंडस्वामी कायद्याचे प्राध्यापक आणि लोहियावादी. डंकेल प्रस्ताव आला तेव्हा जोशींनी त्याचे स्वागत केले. जगाचा भाव मला मिळणार असेल तर मला जगाशी भांडायचे कारण काय, हा त्यांचा मुद्दा. शिवाय भारत सरकार आपल्या शेतकऱ्याला सबसिडी देत नसून उलट त्याच्याकडूनच काढून घेते, हे सरकारच्याच आकड्यांतून दाखवता येईल असे ते म्हणत. 'उणे सबसिडी' हा शब्द त्यांनी खेड्यात नेला. नंजुंडस्वामींना त्याच प्रस्तावात परदेशी कंपन्यांचे राज्य दिसले. १९९२ च्या डिसेंबरात रयत संघाच्या लोकांनी बंगळुरात कारगिल कंपनीच्या कचेरीत शिरून कागदपत्रे बाहेर काढून जाळली.

त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात मोठा मजेचा देखावा असे. बाजारच्या दिवशी एकाच्या खांद्यावर रयत संघाचा हिरवा टॉवेल आणि त्याच्या सख्ख्या भावाच्या सदऱ्यावर लाल बिल्ला. बांध एक, विहीर एक, कर्जाची सोसायटी एक. एक भाऊ मराठी पाक्षिक वाचून सांगायचा की दारे उघडली पाहिजेत. दुसरा कन्नड पत्रक वाचून म्हणायचा की दारे लावून घेतली पाहिजेत. बियाणे मात्र दोघे एकाच दुकानातून आणत. हे मी थट्टेने लिहीत नाही. आपण द्विभाषिक लोक नेहमी अभिमानाने सांगतो की आम्हांला दोन भाषा येतात. त्या काळात दोन्ही भाषांतले दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचणारी माणसे मला हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच भेटली.

सीमेमुळे एक गोष्ट मात्र आमच्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय कळत होती. महाराष्ट्रात उसाला झोनबंदी होती. नेमून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालायचा. पलीकडचा कर्नाटकातला कारखाना जवळ असो की जास्त पैसे देत असो, ट्रॉली नाक्यावर अडायची. एकाच देशात, एकाच शिवारात, उसाला पासपोर्ट! ज्या महाराष्ट्रात जाण्यासाठी आम्ही पिढ्या घातल्या, त्या महाराष्ट्रातला पाहुणा शेतकरी तेव्हा आमच्याकडे ऊस घालायची चोरवाट शोधत असे. यावर समितीच्या व्यासपीठावर कधी बोलणे झालेले मी ऐकले नाही.

जोशींच्या लिखाणात मला सर्वांत टिकाऊ वाटतो तो भाग बाजाराचा नाही, बायांचा आहे. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी स्त्रियांचे अधिवेशन भरले आणि 'चांदवडची शिदोरी' ही पुस्तिका निघाली. सरकारने शेतकऱ्याचे केले तेच शेतकऱ्याने घरात बायकोचे केले, काम घेतले आणि हिशेबात धरले नाही, हे त्यांनी शेतकऱ्यांच्याच तोंडावर सांगितले. पुढे लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम आला आणि कितीतरी जणांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. हाच माणूस ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाविरुद्ध मत देणारा एकटा ठरला. १८६ विरुद्ध १. त्यांचा आक्षेप आरक्षणाच्या पद्धतीला होता. ते चुकले असे मला वाटते, पण शेणॉय यांच्या एकट्या टिपेची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

शहरात हा विचार दुसऱ्याच रस्त्याने आला. आयन रँडच्या 'फाउंटनहेड' आणि 'ॲटलस श्रग्ड' या कादंबऱ्या इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांत हातोहात फिरत. मुग्धा कर्णिक यांनी त्या मराठीतही आणल्या. त्यांतले नायक इमारती बांधतात, रेल्वे चालवतात, पोलाद गाळतात. वाचून मुलगा अमेरिकेला जातो. त्याच्या बापाचा ऊस नाक्यावर अडलेला असतो, त्याचा आणि कादंबरीचा संबंध त्याला कोणी दाखवलेला नसतो.

शरद जोशी १२ डिसेंबर २०१५ रोजी गेले. पाच वर्षांनी, २०२० च्या जूनमध्ये, केंद्र सरकारने शेतमालाच्या विक्रीवरची आणि साठ्यावरची बंधने सैल करणारे अध्यादेश काढले, सप्टेंबरात कायदे केले. संघटना जे चाळीस वर्षे मागत होती त्यातले बरेचसे त्यांत होते. पण ते आले वटहुकुमाने, कोणाला न विचारता, आणि पंजाबच्या शेतकऱ्याने दिल्लीच्या वेशीवर वर्षभर ठाण मांडले. त्याच्याकडे ना 'वारकरी' पोचला होता ना 'शेतकरी संघटक'. सर्वोच्च न्यायालयाच्या समितीत संघटनेचे अनिल घनवट होते, त्यांनी कायद्यांची बाजू मांडली. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी कायदे मागे घेतल्याची घोषणा झाली. स्वातंत्र्याचा कायदा हुकमाने लादला की त्याचे काय होते, हे हायेकला विचारायला लंडनला जायची गरज नव्हती.

निपाणीच्या रानात आता तंबाखू कमी आणि ऊस, सोयाबीन जास्त दिसते. जोशींची बरीच पुस्तके मोबाईलवर फुकट वाचायला मिळतात. गेल्या उन्हाळ्यात एक तरुण माझ्याकडे आला होता. आजोबा आंदोलननगरीत बसलेले, घरी बोली मराठी, शाळा सगळी कन्नड. मराठी त्याला कानाने येते, डोळ्याने येत नाही. म्हणून जमाखर्चाची ती चार पाने मी त्याला वाचून दाखवली. त्याने कागद ओढून घेतला आणि आपल्या दोन एकर उसाचे आकडे कन्नडात मांडायला लागला. बेणे, खत, पाणी, वीज, तोड, ओढणी. भराभर लिहीत गेला. मग थांबला.

"सर, आई रोज रानात असते. तिची मजुरी किती धरू?"